मदत हवी आहे: महापालिकेच्या कामगिरीचा डॅशबोर्ड करताना तक्रारींची आकडेवारी कशी दाखवावी?

नमस्कार.

आम्ही चार मित्र नोकरी सांभाळून आमच्या शहराच्या महानगरपालिकेच्या कामाचा मागोवा घेणारे एक संकेतस्थळ तयार करत आहोत. पालिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अडचण कोणत्याही शहरात येईल अशीच आहे. पाणी, कचरा, पथदिवे, खड्डे आणि मलनिःसारण यांविषयीच्या तक्रारींची तीन वर्षांची नोंद आम्ही माहितीच्या अधिकारात मिळवली. तिचा बराच भाग स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होता, पण ते काम आता मार्गी लागले आहे. प्रश्न आहे तो ही आकडेवारी पडद्यावर कशी मांडायची याचा.

पहिल्या नकाशात आम्ही तक्रारींच्या संख्येनुसार प्रभाग रंगवले. तेव्हा शहरातील सर्वांत नीटनेटका, निवृत्तांच्या सोसायट्यांचा प्रभाग गडद लाल दिसू लागला, आणि जिथे दिवसाआड पाणी येते ती नदीकाठची वस्ती मात्र पांढरीशुभ्र राहिली. तिथली माणसे ॲपवर तक्रार नोंदवत नाहीत. नळ कोरडा पडला की ती थेट मुकादमाला किंवा कार्यकर्त्याला गाठतात. म्हणजे आमचा नकाशा पालिकेची कामगिरी दाखवतच नव्हता, तो दाखवत होता नागरिकांची तक्रार करण्याची सवय. दर हजार लोकसंख्येमागे तक्रारी काढून पाहिल्या, तरी जनगणना २०११ ची आहे आणि हद्दीतील काही गावे त्यानंतर आलेली आहेत, त्यामुळे भागाकारातला छेदच डळमळीत आहे.

मग संख्या सोडून निवारणाच्या वेगाकडे वळलो, तर तिथे दुसराच पेच निघाला. सरासरी काढताना फक्त निकाली निघालेल्या तक्रारींचे दिवस मोजले जातात. वर्षभर पडून असलेली तक्रार त्या हिशेबात येतच नाही. परिणामी जे क्षेत्रीय कार्यालय दिवा बदलण्यासारखी सोपी कामे झटपट उरकते आणि जलवाहिनी बदलण्यासारखी अवघड कामे बाजूला ठेवते, ते सर्वांत कार्यक्षम ठरते. सरासरीऐवजी मध्यक (सर्व दिवस चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेतला, तरी उघड्या, म्हणजे अजून निकाली न निघालेल्या, तक्रारी वगळल्या की दोष तसाच राहतो. यावर मला सुचलेला मार्ग असा, की नोंदणीपासून ७, १५, ३० आणि ९० दिवसांनी शंभरांपैकी किती तक्रारी अजून उघड्या आहेत हे उतरत्या रेषेने दाखवावे. सांख्यिकीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र वर्तमानपत्रातील स्तंभालेखापलीकडे ज्यांचा आलेखांशी संबंध येत नाही, त्यांना ही रेषा वाचता येईल का, याची मला खात्री वाटत नाही.

‘निकाली’ या शब्दावरही कितपत विश्वास ठेवावा? आमच्याच गल्लीतील फुटलेल्या चेंबरची तक्रार तीन वेळा निकाली निघाली आणि चेंबर जागच्या जागी उघडे राहिले. त्याच जागेविषयी त्याच प्रकारची तक्रार १५ दिवसांत पुन्हा आली, तर आधीची निकाली न धरण्याचा नियम आम्ही ठरवला आहे. पण पत्त्याच्या रकान्यात ‘मारुती मंदिराजवळ’ असे लिहिलेले असते आणि शहरात मारुतीची मंदिरे किती आहेत हे कुणी सांगायला नको.

इतरांनी काय केले तेही पाहिले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने २००० च्या सुमारास सुरू केलेल्या सिटीस्टॅट या आढावा पद्धतीमध्ये खातेप्रमुखांना ठरावीक अंतराने महापौर कार्यालयापुढे आकड्यांसह उभे राहावे लागे. तिथे आलेखांपेक्षा त्या बैठकीचाच धाक मोठा होता. बॉस्टनच्या २०१६ च्या सिटीस्कोअरमध्ये प्रत्येक सेवेची कामगिरी उद्दिष्टाशी ताडून पाहत, १ पेक्षा अधिक गुण म्हणजे उद्दिष्टापेक्षा सरस काम, आणि त्या सगळ्यांवरून शहराचा एकच आकडा काढत. असा एकच गुण बातमीला सोयीचा असतो, पण त्यात पाण्याची पडझड पथदिव्यांच्या चमकदार गुणांमागे लपते, म्हणून माझा कल त्याविरुद्ध आहे. मला अधिक उपयोगी वाटली ती आपल्याच केंद्र सरकारची २००८ ची सेवास्तर मानके. त्यांत पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पर्जन्यजल निचरा यांचे एकूण २८ निर्देशक आहेत (दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा त्यांतला परिचित), आणि महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक आकड्याला तो कितपत विश्वासार्ह आहे याची ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी द्यायची असते. अंदाजाने भरलेला आकडा आणि मीटरवरून घेतलेला आकडा एकाच रंगात दिसू नयेत, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा नगर नियोजन, सांख्यिकी किंवा आलेखरचनेचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: जिथून तक्रारीच येत नाहीत तो भाग ‘माहिती अपुरी’ म्हणून तिरप्या रेषांनी दाखवावा, की नकाशाच रद्द करून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाची तुलना फक्त त्याच्याच मागील वर्षाशी करावी? उघड्या तक्रारींची उतरती रेषा सामान्य वाचकासाठी सोपी करून दाखवल्याचे उदाहरण कुणी पाहिले आहे का? पत्त्यांतील खुणांवरून जागा निश्चित करण्याचे काम कुणी मराठी मजकुरावर केले असल्यास तेही वाचायला आवडेल. नावे आणि दूरध्वनी क्रमांक काढून टाकलेली एका क्षेत्रीय कार्यालयाची नमुना फाइल तयार आहे. प्रयोग करून पाहायचा असेल त्यांना पाठवू शकेन.