विषय: पुन्हा एकदा – हॉलसाठी बंद पडलेलं चॅपल घ्यावं का?

प्रेषक: सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या हॉलच्या शोधात कार्यकारिणीने पाहिलेल्या जागांपैकी एक जुनं मेथडिस्ट चॅपल, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या मेथडिस्ट पंथाचं प्रार्थनाघर आहे. व्हिक्टोरियन काळातलं, दर्शनी भिंत दगडी, बाकी वीटकाम, आत तीन बाजूंनी सज्जा. प्रार्थना बंद झाल्यात, इमारत विक्रीला आहे. एजंटच्या पत्रकात शेवटी बारीक अक्षरात ‘कॉन्झर्व्हेशन एरिया’ असं लिहिलंय. आपल्याला लागणार ते सगळ्यांना माहीत आहेच: स्टेज, मोठं स्वयंपाकघर, व्हीलचेअरसाठी रॅम्प, पार्किंगच्या बाजूने एक दार, नवीन खिडक्या, जमल्यास छतावर सोलर. बंद लिफाफ्यात बोली द्यायची आहे. कुणाला यातलं कळत असेल तर जरूर लिहा.

---

प्रेषक: एक जुने सभासद

सचिवसाहेब, सरळ नाद सोडा. असल्या इमारतीत खिळा ठोकायचा तरी काउन्सिलच्या दारात उभं राहावं लागतं. त्यापेक्षा इंडस्ट्रियल इस्टेटमधलं एखादं गोदाम बघा. पत्र्याचं असेना, आपलं आपण हवं ते करू.

---

प्रेषक: एक सभासद (आर्किटेक्ट)

काका, खिळ्याचं तुम्ही म्हणता ते लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या इमारतीला लागू. कॉन्झर्व्हेशन एरिया हे प्रकरण वेगळं आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की लोक एकतर उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात.

लिस्टिंग एका इमारतीचं होतं, आतून-बाहेरून. त्यात सज्जा, बाक, जिना, दारांच्या चौकटी सगळं येतं, शिवाय आवारातलं १ जुलै १९४८ पूर्वीचं बांधकामही. परवानगीशिवाय हात लावला तर तो फौजदारी गुन्हा. कॉन्झर्व्हेशन एरिया मात्र अख्ख्या परिसराचा असतो. १९६७च्या सिव्हिक अ‍ॅमेनिटीज अ‍ॅक्टने ही कल्पना आणली, त्याच वर्षी स्टॅमफर्ड गाव पहिलं ठरलं, आणि आज इंग्लंडमध्ये असे जवळपास १० हजार परिसर आहेत. तिथे काउन्सिल बघते ते परिसराचं रूप. रस्त्यावरून काय दिसतं, छपरांची रेघ कशी आहे, आवाराची भिंत, झाडं. इमारत लिस्टेड नसेल तर निव्वळ आतल्या कामाला प्लॅनिंगची परवानगी लागतच नाही. आपल्या यादीतलं स्टेज आणि आतलं स्वयंपाकघर तिथेच सुटतं. बिल्डिंग रेग्युलेशन्स आणि आगीचे नियम आहेतच, पण ते गोदामालाही आहेत.

म्हणून पहिलं काम: हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत इमारत शोधणं. पाच मिनिटांचं आणि फुकट. तिथे नाही मिळाली तरी काउन्सिलची स्वतःची स्थानिक यादी असू शकते, तीही बघा. मग त्या परिसराचं ‘कॅरेक्टर अप्रेझल’, म्हणजे परिसराच्या वैशिष्ट्यांचा अहवाल मागवा. त्यातल्या नकाशावर परिसराची शोभा वाढवणाऱ्या इमारतींवर खूण असते. जुनं चॅपल बहुधा त्यात असतंच. खूण असली की दर्शनी भागाशी खेळ करायचा विचार डोक्यातून काढून टाकायचा.

आता एक फसवी गोष्ट. तुम्ही चॅपल बघायला गेलात आणि तिथल्या जुन्या विश्वस्तांपैकी कुणी म्हणालं, ‘आम्ही तर आत वाट्टेल ते बदललं, काउन्सिलने कधी विचारलं नाही’, तर त्यावर जाऊ नका. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड, रोमन कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट युनियन आणि युनायटेड रिफॉर्म्ड या पाच संप्रदायांना लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटमधून, म्हणजे लिस्टेड इमारतीत बदल करायच्या परवानगीतून सूट आहे. त्यांची स्वतःची परवानगीची व्यवस्था आहे, म्हणून. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तर बाक हलवायलाही चर्चच्या न्यायालयाकडून ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी घ्यावी लागते. पण ही सूट उपासना चालू असेपर्यंतच. चॅपल बंद होऊन आपल्या हातात आलं की सूट संपली. ती आपल्याबरोबर येत नाही, आणि आपण आत गणपती बसवला तरी मिळत नाही.

यादीतलं बाकीचं. पार्किंगकडचं दार मागच्या वीटकामात, जुन्या खिडकीची खालची भिंत उतरवून केलं तर परवानगी मिळण्यासारखी आहे. दर्शनी दगडात मागितलं तर विसरा. रॅम्पला अर्ज लागेल, पण २०१०चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट, म्हणजे भेदभावविरोधी कायदा, आपल्या बाजूने आहे. काउन्सिल रॅम्प नको म्हणत नाही, कुठे आणि कशाचा एवढंच विचारते. सोलर रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर, आणि त्याआधी जुन्या कैच्यांना वजन पेलतं का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून. खिडक्या बदलूच नका. आतून दुसरी काच बसवा. थंडी आणि आवाज दोन्ही थांबतं, बाहेरचं रूप तसंच राहतं, आणि उद्या काढायची म्हटली तर स्क्रू काढले की झालं. शिशाच्या पट्ट्यांतल्या रंगीत काचा असतील तर दोन काचांमध्ये हवा खेळती ठेवा, नाहीतर बाष्प धरतं.

पुण्यातल्या पेठेत वाड्याचा दिंडी दरवाजा काढून लोखंडी शटर लावलेलं पाहिलं की आपण हळहळतो. या रस्त्यावरच्या लोकांना आपल्याबद्दल तीच धास्ती असणार, एवढं ध्यानात ठेवून अर्ज लिहिला तर निम्मे आक्षेप येणारच नाहीत.

---

प्रेषक: खजिनदार

माहिती उत्तम. आता पैशाचं. पूर्वी लिस्टेड इमारतीच्या मंजूर बदलांवर व्हॅट शून्य होता, ती सोय १ ऑक्टोबर २०१२पासून गेली. म्हणजे लिस्टेड असो-नसो, बदलाच्या कामावर २० टक्के धरूनच चला.

दुसरं, खरेदीखत. जुन्या चॅपलच्या कागदांत दारू आणि जुगाराला मनाई करणारी अट असू शकते. वकिलाने ती आधी वाचायला हवी. आपली दिवाळीची हाऊसी आणि रॅफल त्यात बसते का, हा प्रश्न मी विनोदाने विचारत नाहीये.

---

प्रेषक: महिला विभाग

दादा, स्वयंपाकघर आत म्हणालात, पण धूर कुठून काढायचा? दोनशे माणसांच्या पुऱ्या तळायच्या म्हणजे साधा पंखा पुरत नाही. शिवाय आत भिंतीवर पहिल्या महायुद्धात गेलेल्या मुलांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. ती काढावी लागेल का? कुणी म्हणालं त्यावर पडदा लावू. मला ते बरं वाटलं नाही.

---

प्रेषक: एक सभासद (आर्किटेक्ट)

ताई, धुराड्याचा मुद्दा नेमका पकडलात. एक्झॉस्टची पत्र्याची नळी बाहेर आली की बाहेरचं रूप बदललं, म्हणजे अर्ज आला, आणि असल्या अर्जात वासाबद्दल आणि मोटारच्या आवाजाबद्दल शेजारी आधी लिहितात. जुन्या बॉयलरची चिमणी असेल तर तिच्या आतून नळी नेता येते का ते पाहू. नसेल तर मागच्या उतारावर, वीटकामाशी जुळणाऱ्या रंगात. तळण बाहेरून करून आणायचं ठरवलं तर निम्मा प्रश्न सुटतो, पण हे मी महिला विभागाला सांगण्याचं धाडस करत नाही.

पाटी काढू नका, झाकूही नका. नावांमधल्या कुणाचे तरी नातू-पणतू अजून त्याच गल्लीत राहत असतील. लंडनच्या ब्रिक लेनवरची मशीद बघा. फ्रान्समधून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांनी ती १७४३मध्ये चर्च म्हणून बांधली, पुढे तिथे मेथडिस्ट आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंचं सिनेगॉग झालं, १९७६मध्ये मशीद. भिंतीवर १७४३ सालाची लॅटिन ओळीची सूर्यघडी आजही आहे. एवढे मालक झाले, कुणी खरवडली नाही.

बोली देण्याआधी एकदा इमारतीभोवती चक्कर मारायला हवी आणि मला त्यात दोन गोष्टी बघायच्या आहेत. दगडांमधल्या दरजा. मूळ काम चुन्याचं असतं, मागाहून कुणीतरी ‘पक्कं’ म्हणून सिमेंट भरतं. मग भिंतीतला ओलावा दरजेतून निघू शकत नाही, दगडातून निघतो, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. बोट फिरवलं की वाळू हातात येते. दुसरं, जमिनीलगतच्या जाळीच्या विटा. लाकडी जमिनीखाली त्या हवा खेळवतात. माती किंवा काँक्रीटने बुजल्या असतील तर खालचे वासे कुजलेले निघणार. या दोन्हींचा खर्च स्टेजपेक्षा जास्त होईल.

वटवाघळं विसरू नका. त्यांना १९८१च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, संध्याकाळी बाहेर पडतात का हे बघण्याचं सर्वेक्षण उन्हाळ्यातच होतं. ऑक्टोबरमध्ये ताबा घेतला आणि छपरात काही निघालं तर पुढच्या मेपर्यंत छपराला हात नाही. झाडांचंही तसंच. आवारातलं झाड तोडायचं किंवा छाटायचं तर काउन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

---

प्रेषक: एक जुने सभासद

वटवाघळांचं ऐकून माझं गोदामाबद्दलचं मत आणखी पक्कं झालंय. तरी एक विचारतो. चॅपलचा हॉल करायला वापर बदलण्याची परवानगी लागेल ना? तिथेच अडवतील.

---

प्रेषक: एक सभासद (आर्किटेक्ट)

काका, इमारतींच्या वापराच्या सप्टेंबर २०२०पासूनच्या वर्गवारीत प्रार्थनास्थळ आणि सार्वजनिक सभागृह दोन्ही ‘एफ-वन’मध्ये आहेत. एका वर्गातल्या वर्गात बदल असेल तर परवानगी लागत नाही. तुमच्या गोदामाचा वर्ग मात्र वेगळा, त्याला लागेल. दर शनिवारी लग्नाला भाड्याने द्यायला लागलो तर काउन्सिल वेगळा विचार करू शकते, म्हणून वर्षाचं कार्यक्रमांचं वेळापत्रक अर्जाआधीच त्यांच्यासमोर ठेवू. अर्जाआधीचा सल्ला काउन्सिल फी घेऊन देते. ती फी द्यावी असं माझं मत. कॉन्झर्व्हेशन ऑफिसरचं, म्हणजे वारसा इमारतींचं बघणाऱ्या काउन्सिलच्या अधिकाऱ्याचं मत बोलीच्या आकड्याआधी कळलेलं बरं.

---

प्रेषक: सचिव

ठरलं तर मग. यादी आणि अप्रेझल मी बघतो, खरेदीखत खजिनदार वकिलाकडे देतील, सल्ल्याच्या फीसाठी कार्यकारिणीची मंजुरी मागतो. रविवारी सकाळी अकराला एजंटने चावी द्यायचं कबूल केलंय. काका, तुम्हीही या, शिडी तुमच्याकडेच आहे.