मदत हवी आहे: बोडीतल्या देवधानाचा गुण आपल्या धानात आणता येईल का?

मंडळी, मी गोंदिया जिल्ह्यातला धान उत्पादक. दोन खरीप झाले, धान निसवायच्या तोंडावर कडा करपा हा जिवाणूंचा रोग घात करतो. पानाची कड आधी पिवळी, मग पांढुरकी वाळते. सकाळी पानावर दुधाळ थेंब असतात, उन्हं चढली की त्यांचे बारीक पिवळे खडे होतात. आणि धुऱ्यापलीकडे बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आपोआप उगवणारा जंगली देवधान मात्र हिरवागार! लांब कुसळ, काळपट साळ, हात लागला की दाणा पाण्यात. ऋषिपंचमीला नांगर न लागलेलं खायचं म्हणून आई याचा भात करते, एरवी त्याला कोण विचारतं?

फिलिपाइन्सच्या इरी या भात संशोधन संस्थेने विषाणूरोगासाठी हजारो वाण तपासले आणि प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातल्या निवारा नावाच्या जंगली धानात, असं वाचलं. पुढे तोच गुण आयआर ३६ या धानाच्या वाणात आला. मग आमच्या देवधानाचा संकर घरी करता येईल का? घाई अशासाठी की उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढणार आहेत. जेसीबी फिरली की सगळं मुळासकट जाईल. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
भाऊ, हिरवा दिसतो म्हणजे प्रतिकारक आहे असं धरू नका. त्याला ना युरिया, ना रोवणीची दाटी. संशोधन केंद्रात जिवाणूंच्या पाण्यात कात्री बुडवून पानाचं टोक कापतात आणि करपा किती खाली उतरतो ते मोजतात. ते घरी मुळीच करू नका, रोग पसरवाल.

संकर होतो, दोघांची गुणसूत्रं २४ आणि जुळणारी. फूल उमलायच्या आत सहाही पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्याचे पराग टाकायचे. हात बसला की जमतं. खरी कटकट पुढे. देवधानाची झड, कुसळ, लाल तांदूळ सगळं सोबत येतं. म्हणून चांगल्या वाणाशी पिढ्यान्‌पिढ्या उलट संकर करत राहायचं आणि हवं ते जनुक टिकलं का, ते दरवेळी डीएनएच्या खुणांवरून बघायचं. सुधारित सांबा मसुरी या वाणात आफ्रिकेतल्या जंगली धानाचं, कडा करपा रोखणारं एक्सए २१ जनुक असंच बसवलंय. ते जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घातलेलं बियाणं, नाही. पाण्याची सोय असेल तर मी आधी तोच वाण लावून बघेन.

बोडी उन्हाळ्यात आटते का? आटत असेल तर तुमचा देवधान बहुधा निवारा. बारमाही पाण्यात रुफिपोगॉन हा दुसरा जंगली धान असतो.

प्रतिसाद २
दादा, काहीही करा, पण देवधान बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आणू नका. आमच्या छत्तीसगडच्या बाजूला करगा, म्हणजे शेतात तण म्हणून शिरलेला असाच झडणारा धान, काय ताप आहे ते विचारा. कोवळेपणी धानात ओळखूच येत नाही, म्हणून जांभळ्या पानांचा श्यामला वाण पेरतात आणि हिरवं तेवढं उपटतात. झडलेलं बी जमिनीत दबून राहतं, ते वेगळंच.

बी हवं असेल तर लोंब पिकायच्या आधीच मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा. थोडं साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात दाखवा. वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्यालाही आहे. पाकिटावर गाव, बोडी आणि तारीख लिहा, नाहीतर त्या बियाला अर्थ नाही.

मूळ लेखक
दोघांचेही आभार. बोडी चैतात कोरडी पडते, म्हणजे निवाराच म्हणायचा. पिशव्या शिवून घेतो. आता एकच सांगा, गाळ काढताना काठाची एक पट्टी सोडा म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा, तर त्यात नेमकं काय लिहू? नुसतं ‘देवधान वाचवा’ लिहिलं तर हसतील.