क्रूझची ग्रॅच्युइटी आधीच भरावी की बोटीवर? आणि वरून रोख टिप किती?

शेवंती_एनजे

सिॲटलहून अलास्काची ७ रात्रींची क्रूझ आहे, रॉयल कॅरिबियनची. दोन बाल्कनी केबिन. एकीत आम्ही दोघं आणि दीड वर्षाची लेक, दुसरीत पुण्याहून येणारे सासू-सासरे. बुकिंग एजंटकडून केलंय. इन्व्हॉइसवर 'प्रीपेड ग्रॅच्युइटी' (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांची आधीच भरायची टिप) यापुढे शून्य दिसतंय आणि एजंट म्हणतोय आत्ताच भरून टाका. (सासऱ्यांना ग्रॅच्युइटी म्हटल्यावर रिटायरमेंटच आठवली. "ती आपल्याला मिळते ना? भरायची कशी?")

एकूण रक्कम किती होईल? लेकीचीही भरायची का? आधी भरली तर बोटीवर पुन्हा टिप द्यावी लागते का? रोख डॉलर किती न्यावेत? दारू आमच्यात कोणीच घेत नाही, चहा-कॉफी मात्र मोजू नये इतकी.

---

हिशेबनीस

आधी आकडा. रॉयल कॅरिबियनचा दर या घडीला ज्युनिअर स्वीटपर्यंतच्या केबिनला माणशी दिवसाला १८.५० डॉलर, त्यावरच्या स्वीटला (मोठ्या, महागड्या खोलीला) २१. दिवस म्हणजे रात्री मोजायच्या. या कंपनीत वयाची सूट नाही, त्यामुळे लेकीचंही माणूस धरलं जातं. तुमची केबिन ३ × ७ × १८.५० = ३८८.५०, सासू-सासऱ्यांची २ × ७ × १८.५० = २५९. मिळून ६४७.५० डॉलर.

आधी नाही भरली तर टळत नाही. रोजच्या रोज तुमच्या सीपास खात्यावर, म्हणजे बोटीवरच्या उधारीच्या खात्यावर, आपोआप चढते आणि शेवटी कार्डावरून वळती होते. आधी भरा नाहीतर नंतर, रक्कम तीच.

आधी भरण्याचा खरा फायदा एकच: दर गोठतो. सप्टेंबर २०२२ पर्यंत हाच दर १४.५० होता, म्हणजे वाढ किती भराभर होते ते बघा. वाढीच्या तारखेआधी ज्यांनी भरलेली असते त्यांना जुनाच दर लागतो. क्रूझ रद्द करावी लागली तर भाड्याला कॅन्सलेशनची कात्री लागते, ग्रॅच्युइटीला लागत नाही, ती पूर्ण परत येते. त्यामुळे आधी भरण्यात जोखीम जवळजवळ नाही.

आता चूक कुठे होते ते. दोन केबिन म्हणजे दोन वेगळे बुकिंग नंबर. एकावर भरलं आणि दुसरी केबिन राहून गेली, हे सर्रास होतं. एजंटला दोन्ही नंबर देऊन सांगा आणि दोन्हींचे नवे इन्व्हॉइस मागा. 'प्रीपेड ग्रॅच्युइटी'च्या ओळीत एकावर ३८८.५० आणि दुसऱ्यावर २५९ दिसलं पाहिजे. बुकिंग एजंटचं असेल तर कंपनीला थेट फोन करून उपयोग होत नाही, ते परत एजंटकडेच पाठवतात.

---

बोर्डिंगपास

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण "जोखीम नाही" याला एक पुरवणी. शेवंतीताई, एजंटने ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे बोटीवर खर्चायला खात्यात रक्कम, दिलंय का? दिलं असेल तर भरायची घाई करू नका.

---

शेवंती_एनजे

हो, १५० डॉलर, आमच्या केबिनवर. त्याचा काय संबंध?

---

बोर्डिंगपास

हे क्रेडिट बहुतेक वेळा नॉन-रिफंडेबल असतं. शेवटच्या रात्रीपर्यंत खर्च झालं नाही तर बुडालं, रोख हातात मिळत नाही. तुम्ही दारू घेत नाही, म्हणजे ते संपवायला बोटीवर खर्चच काढावा लागेल. मग शेवटच्या संध्याकाळी दुकानातून बोटीचं चित्र असलेला टॉवेल आणि फ्रिजवरचे चुंबक येतात.

त्यापेक्षा सासू-सासऱ्यांच्या केबिनचे २५९ आत्ता भरा आणि तुमच्या केबिनचे भरू नका. खात्यावर रोज ३ × १८.५० = ५५.५० डॉलर चढतील आणि ते आधी क्रेडिटमधून जातील. तिसऱ्या दिवशी क्रेडिट संपलेलं असेल. कार्डावर उरतील २३८.५०. तेवढ्यात दर माणशी एक डॉलरने वाढलाच तर तुमच्या केबिनला २१ डॉलर जास्त पडतील. बुडणाऱ्या १५० पुढे ते काहीच नाहीत.

क्रेडिट रिफंडेबल असेल (शेअरधारकांचं किंवा प्रमोशनचं नव्हे, स्वतःच्या पैशाने घेतलेलं) तर मात्र वेगळा हिशेब नको, दोन्ही केबिनचे आधीच भरून मोकळे व्हा. कुठलं आहे ते एजंटला एका ओळीच्या ईमेलमध्ये विचारा, तोंडी नको.

---

हिशेबनीस

बरोबर, क्रेडिटचं डोक्यात नव्हतं. त्यात एवढंच घालतो: खात्याला डेबिट कार्ड लावू नका. बोट रोज अंदाजाने रक्कम अडवून ठेवते, आणि उतरल्यावरही ती सुटायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस बँकेत पैसे असूनही वापरता येत नाहीत.

सासरे "आमचं आम्ही भरतो" म्हणत त्यांचं भारतातलं क्रेडिट कार्ड काढतील. त्यावर साधारण ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. २५९ वर पावणेअकरा डॉलर फुकट. भरा तुमच्या कार्डावरून, रुपये घरी घ्या.

---

डेक_बारा

पैसे कोणाला जातात हे न कळल्यामुळे पुढचा सगळा गोंधळ होतो, म्हणून ते स्पष्ट करतो.

रोजची ग्रॅच्युइटी ही केबिन अटेंडंट, मुख्य डायनिंग रूममधला वेटर, असिस्टंट वेटर, हेड वेटर आणि हॉटेल विभागातल्या इतर लोकांसाठी. बारवाले यात नाहीत, स्पा नाही, मुलांच्या क्लबातले नाहीत, कॅसिनोतले नाहीत. बार आणि स्पाचे १८ टक्के बिलातच लावलेले असतात. आठ डॉलरचं मॉकटेल ९.४४ ला पडतं, १५९ डॉलरचा मसाज १८७.६२ ला. ड्रिंक पॅकेजची जाहिरातीतली किंमतही या १८ टक्क्यांशिवायची असते. दिवसाला ८० म्हटलं तर सात दिवसांचे ५६० नव्हेत, ६६०.८०.

आता ती बारची पावती डोळ्यांपुढे आणा. वर पेयाची किंमत, खाली छोट्या अक्षरांत ग्रॅच्युइटी १८ टक्के, मग बेरीज. त्याखाली पुन्हा एक रिकामी ओळ, 'ॲडिशनल ग्रॅच्युइटी', आणि सहीची जागा. अमेरिकेतल्या हॉटेलची सवय असलेला माणूस ती ओळ बघतो आणि हात आपोआप १८-२० टक्के लिहितो. म्हणजे टिप दोनदा. ती ओळ रिकामी ठेवणं अजिबात असभ्य नाही. एक आडवी रेघ मारा, बेरीज खाली उतरवा, सही करा.

चहा-कॉफीचं: बुफेतला आणि डायनिंग रूममधला साधा चहा आणि ब्रू कॉफी फुकट. कॅफेतली लाटे किंवा कॅपुचिनो पैशाची, अधिक १८ टक्के. रूम सर्व्हिसच्या ऑर्डरला ७.९५ आणि वर १८ टक्के, म्हणजे ९.३८. सकाळचा साधा कॉन्टिनेंटल नाश्ता खोलीत फुकट येतो. त्यावर टक्के लागत नाहीत, म्हणून आणणाऱ्याच्या हातात दोन-तीन डॉलर द्यावेत.

---

मीठमिरची

रोख टिपेबद्दल मी सांगते.

आधी भरलेली असो की रोज चढणारी, त्यावर रोख देणं *बंधनकारक नाही*. ज्याने खरंच जास्तीचं काम केलं त्याला द्यायचं. पण जमिनीवर रोख लागतेच, कारण तिथली माणसं बोटीची नसतात.

पहिली गाठ बंदरावर पोर्टरशी. बॅगा घेणारा बंदराचा कामगार, त्याच्यापर्यंत तुमची ग्रॅच्युइटी पोहोचत नाही. बॅगेला एक ते दोन डॉलर, हातात. चार बॅगा, चढताना आणि उतरताना मिळून १६ धरा. अलास्कातल्या बंदरांवर, जुनोला व्हेल बघायच्या बोटीवर माणशी पाचेक डॉलर, तिथे बहुधा बाहेर पडताना दाराशी डबा असतो. स्कॅगवेला रेल्वेच्या सहलीत गाईडला माणशी दोन-तीन. तुम्ही मोठे चार जण आहात, म्हणजे या दोन्हींचे मिळून तीसेक.

बोटीवर केबिन अटेंडंटला पूर्ण आठवड्याचे वीस ते तीस, वेटरला वीस, असिस्टंटला दहा. हेड वेटरचं वेगळं, ते खाली सांगते. सगळं मिळून १३० च्या आसपास जातं. १५० न्या: एक डॉलरच्या ३० नोटा, पाचच्या १२, दहाच्या ६. बँकेतून आधीच आणा. बोटीवरच्या एटीएमला फी जबर आहे, आणि बाहेर पडलेल्या वीसच्या नोटेचे सुट्टे मिळवायला पुन्हा गेस्ट सर्व्हिसेसच्या रांगेत उभं राहावं लागतं.

नाणी आणि रुपये देऊ नका. नेमप्लेटवर 'इंडिया' दिसतं, माणूस गोव्याचा किंवा मुंबईचा निघतो, आणि मायेपोटी पाचशेची नोट काढली जाते. त्याला ती सुट्टीवर घरी जाईपर्यंत सांभाळत बसावी लागते. डॉलरच द्या, गप्पा मराठी-कोंकणीत मारा.

हेड वेटर: मुख्य डायनिंग रूमच्या मेनूत भारतीय शाकाहारी पदार्थ एखादाच असतो, पण आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात वेगळं करून देतात. हे जमवून आणतो हेड वेटर. सासू-सासऱ्यांसाठी रोज करून घेणार असाल तर त्याला वीस डॉलर जरूर द्या. आणि जेवणाची ठरावीक वेळ निवडा. 'माय टाइम'मध्ये, म्हणजे हवं तेव्हा जेवायच्या पर्यायात, टेबल आणि वेटर बदलू शकतात, मग रोज नव्या माणसाला कांदा-लसूण-अंडं समजावत बसायचं, आणि शेवटी पाकीट नक्की कोणाला द्यायचं तेही कळत नाही.

---

शेवंती_एनजे

फार उपयोगी! पाकीट कधी द्यायचं? आणि सेवा खराब असेल तर रोजची रक्कम कमी करता येते असं वाचलं. ते खरं का?

---

डेक_बारा

येते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगून, पण बोटीवर असतानाच. उतरल्यानंतर फोन करून होत नाही. मात्र तक्रार एकाची असते आणि पैसे कापले जातात सगळ्यांचे, अगदी पडद्यामागे राबणाऱ्यांचेसुद्धा. खोली साफ होत नसेल तर दुसऱ्या दिवशीच काउंटरवर सांगा, तिसऱ्या दिवशी फरक दिसतो. शेवटच्या दिवशी टिप कापून खोली साफ होत नाही.

आणि सुरुवातीलाच सगळी रक्कम काढून टाकून "आम्ही रोख देऊ" म्हणणं मला पटत नाही. तसं म्हणणाऱ्यांपैकी ६४७ डॉलर रोख वाटणारे किती, ते सांगायला नको.

---

मीठमिरची

पाकीट वेटरला शेवटच्या रात्रीच्या जेवणानंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाश्त्याला दुसऱ्याच कोपऱ्यात असतो, सापडत नाही. अटेंडंटला शेवटच्या संध्याकाळी, भेटेल तेव्हा हातात. उतरायच्या सकाळी त्याच्यामागे पुढच्या प्रवाशांच्या खोल्यांची घाई असते. टेबलावर सुटी नोट ठेवून जाऊ नका, विसरलेले पैसे समजून तो हात लावणार नाही. पाकिटावर 'थँक यू' आणि त्याचं नाव लिहा. घरी आल्यावर कंपनीचा सर्व्हे येतो, त्यातही नावं टाका. फुकटचं काम आहे, आणि त्याची नोंद वरिष्ठांपर्यंत जाते.

---

बोर्डिंगपास

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: वरचे नियम रॉयल कॅरिबियनचे आहेत. कार्निव्हलमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना रोजची रक्कम लागत नाही, नॉर्वेजियनमध्ये तीन वर्षांखालच्यांना. सिल्व्हरसी, रीजंट यांच्या भाड्यातच ती धरलेली असते.

सगळ्यात जास्त लोक फसतात नॉर्वेजियनच्या 'फुकट' ड्रिंक पॅकेजवर. पॅकेज फुकट, पण त्याच्या कागदावरच्या किमतीवर २० टक्के ग्रॅच्युइटी आधीच घेतात. किंमत दिवसाला १०९ धरली तर माणशी २१.८०, सात दिवसांचे १५२.६०. इन्व्हॉइसवर 'ग्रॅच्युइटी' हा शब्द बघून माणसाला वाटतं रोजची भरून झाली. ती नव्हे. रोजचा सर्व्हिस चार्ज वेगळाच असतो.

आणि शेवंतीताई, विषय सोडून एक: सिॲटलहून निघणारी बोट परदेशी झेंड्याची असते, त्यामुळे अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार वाटेत एका परदेशी बंदराला लागावंच लागतं. ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया. सासू-सासऱ्यांकडे कॅनडाचा व्हिसा आहे ना? अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर भागत नाही.

---

शेवंती_एनजे

अरे देवा, नाही! आजच अर्ज करायला घेते. एजंटला क्रेडिटचा ईमेलही पाठवलाय.

---

हिशेबनीस

व्हिसा मिळाला की मगच बाकीचं. बोटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपमध्ये दोन्ही खाती उघडून बघा. सासू-सासऱ्यांच्या खात्यावर ग्रॅच्युइटीची ओळ दिसता कामा नये, तुमच्या खात्यावर ५५.५० दिसले पाहिजेत. चुकून दोन्हीकडे दिसली तर इन्व्हॉइसची प्रिंट घेऊन त्याच दिवशी दुपारी काउंटरवर जा. शेवटच्या सकाळी तिथली रांग जिन्यापर्यंत येते. आणि मधेच पैसे भरून स्वीटमध्ये अपग्रेड घेतलंत तर दराचा फरक, माणशी दिवसाला अडीच डॉलर, वेगळा लागतो.