गांडुळाच्या पिवळ्या पाण्याबद्दल

‘गांडुळात अँटिबॉडीच (जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिनं) नाहीत, मग प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाला गांडूळ कशाला?’ असं एका भाऊंनी विचारलंय. अँटिबॉडी नाहीत हे खरंच. पण परक्या गांडुळाच्या कातडीचा तुकडा लावला तर गांडूळ तो नाकारतं, हे 1960 च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलंय. म्हणजे आपलं-परकं त्याला ओळखता येतं.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची खोडं नि शेण घालून खताचे बेड करतात. त्यातलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, जरा दाबून धरा. पाठीवरच्या बारीक छिद्रांतून पिवळट, उग्र वासाचं पाणी बोटांना लागतं. लोक घाण म्हणून हात झटकतात, पण जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्यातच! म्हणून गांडूळ न मारता त्या गोळा करता येतात. त्यांच्यात सीसीएफ नावाचं प्रथिन असतं, ते जिवाणू-बुरशीच्या आवरणातल्या शर्करा ओळखतं. आणि शेणात राहणाऱ्या आयसेनियाचं सीसीएफ मातीतल्या काही जातींपेक्षा जास्त प्रकारच्या शर्करा ओळखतं. म्हणून या जातींच्या सीसीएफच्या जनुकांची तुलना करायची ती इथे. अडचण एकच, आयसेनिया आंद्रेई ही दुसरी जात दिसायला जवळपास तशीच. विकतच्या कल्चरमध्ये (बेडसाठी आणलेल्या गांडुळांत) नेमकं कोणतं आहे ते डीएनए तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.