अनुभव धागा: स्वेटर आत गेले आणि थंडी परत आली

या आठवड्याचा अंदाज पाहिलात का? सखल भागात पाऊस, डोंगरावर बर्फ आणि पारा सरासरीच्या बराच खाली. परवापर्यंत टी-शर्टवर फिरत होतो! अशा फसव्या वसंताचे तुमचे किस्से लिहा. अंदाजावर विसंबून पस्तावला असाल तर आधी ते सांगा.

*

पस्तावलेली पहिली मीच. किमान ३ अंशांचा अंदाज होता. शून्याच्या वर आहे ना, मग काय गोठतंय, म्हणून टोमॅटोची रोपं बाहेरच ठेवली. सकाळी पानं उकडल्यासारखी लुळी, दुपारपर्यंत काळी. छपराखाली राहिलेली एक कुंडी तेवढी वाचली. अंदाजातला आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटरवरच्या हवेचा असतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! निरभ्र आकाश आणि वारा पडलेला असला, की जमिनीलगत त्याहून चार-पाच अंश कमी सहज भरतात. आता मी आधी रात्री ढग आहेत का ते बघते, आकडा नंतर. ढग असले की निवांत झोप.

*

स्वेटर धुऊन वर टाकला की दोन दिवसांत बर्फ. वेधशाळेने माझ्या कपाटावर नजर ठेवावी, अंदाज चुकायचा नाही.

*

एक हंगाम सफरचंदाच्या बागेत काम केलं. बहरावर दहिवर (गोठलेलं दव) यायची लक्षणं दिसली, की पहाटे तीनला झाडांवर पाण्याचे तुषार सुरू. मला वाटलं, मालकाचं डोकं फिरलंय. पण पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आवरणातलं फूल शून्याच्या आसपास टिकून राहतं. उजाडल्यावर प्रत्येक कळी काचेत बसवल्यासारखी दिसायची. मात्र पंप मध्येच थांबला तर ओल्या फुलांचं बाष्पीभवन होऊन उलट जास्त गारठा. एका रात्री गाळणी तुंबली. विजेरी तोंडात धरून ती साफ करताना हाताची बोटं आहेत की गेली, ते कळत नव्हतं.

फ्रान्समध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये द्राक्षमळ्यांत रात्रभर मोठाल्या मेणबत्त्या पेटवल्या होत्या. त्याआधी मार्चअखेरीस ऊन इतकं तापलं होतं की कोंब लवकर फुटले, आणि मग थंडीने गाठले. खरा घात त्या आधीच्या उबेने केला, असं माझं मत.

*

आमच्याकडे जानेवारीतल्या फूटभर बर्फाने एक काडी मोडली नाही. एप्रिलमध्ये चार बोटं पडला आणि रात्रभर कडाकड फांद्या मोडल्या. ओला, जड बर्फ आणि झाडांना कोवळी पानं. वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. अंदाज होता 'पाऊस, २ अंश'. मी भरपूर शिव्या घातल्या. पण वरून जोरात पडणारा बर्फ वितळताना हवेतली उष्णता खातो आणि पावसाचा बर्फ व्हायला तेवढं पुरतं. न्यूयॉर्कचं मार्च १८८८ चं हिमवादळसुद्धा पावसानेच सुरू झालं होतं.

*

जर्मनीत ११ ते १५ मे हे 'हिमसंतांचे' दिवस, म्हणजे ज्या संतांच्या दिवसांत थंडी शेवटची परत येते असं लोक मानतात ते; त्यातली शेवटची संत 'थंड सोफी'. ती गेल्याशिवाय शेजारच्या आजी एक रोप बाहेर काढत नाहीत. मी दर वर्षी हसतो आणि दर वर्षी त्यांच्याकडूनच रोपं मागून आणतो.

*

टोमॅटोवाल्या ताई, तुमचं वाचून आत्ता खिडकीतून डोकावलो. ढग फाटलेत, वारा पडलाय. जुन्या चादरी घेऊन बाहेर चाललोय, बाकीचं नंतर लिहितो.