साडीच्या फोटोतले पट्टे : बिट कमी की पिक्सेल?

वडगावकर : आमचे बेळगावच्या वडगावात माग हायत, साड्यांचे फोटो ऑनलाईन टाकतो. परवा पुण्याच्या गिऱ्हाईकानं एकरंगी मोरपंखी साडी परत केली, म्हणे फोटोत लाल-निळे पट्टे दिसले ते साडीत नाहीत. फोन 8 बिटचा फोटो देतो म्हणून रंग तुटालेत असं माझं ठाम मत, 14 बिट रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाईल, देणारा कॅमेरा घ्यायचा म्हणतोय.

टिळकवाडी : पैसे घालू नका ओ. 8 बिट म्हणजे एकेका रंगाच्या उजेडाच्या 256 पायऱ्या, जवळच्या पायरीला राऊंड करताना चूक फार तर अर्धी पायरी, आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी चूक, काढली तर पायरी भागिले रूट 12, म्हणजे 0.29 पायरी. तेवढ्यानं असा पट्टा उठत नाही, हे सॅम्पलिंगचं, म्हणजे मिलिमीटरला किती पिक्सेल मोजतात त्याचं, दुखणं आहे. इंचाला धागे किती?

वडगावकर : 96, म्हणजे मिलिमीटरला 3.78. फोटो 4000 पिक्सेल रुंद, त्यात अर्धा मीटर कापड, मिलिमीटरला 8 पिक्सेल. धागे नीट उमटायला पिक्सेल त्यांच्या दुप्पट पाहिजेत, ते हायत की!

टिळकवाडी : इथंच फसतंय बघा. सेन्सरवर एक पिक्सेल एकच रंग मोजतो, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. लाल एकाआड एक, म्हणजे मिलिमीटरला 4 च, आणि त्यात निम्म्याच्या, म्हणजे 2 च्या, वरचं काही बसत नाही. मग 3.78 चे धागे दुमडून, म्हणजे खोट्या रुंद लाटा बनून, 4 वजा 3.78, 0.22 होतात, साधारण साडेचार मिलिमीटरला एक लाट. पट्टी लावून मोजा. एकदा दुमडलं की त्यातलं खरं कुठलं आणि खोटं कुठलं ते 16 बिट घेऊनसुद्धा सांगता येत नाही.

खानापूर रोड : मला हे अर्धंच पटतं. ते 0.29 चं गणित रंग बऱ्याच पायऱ्या चढ-उतार करत असेल तिथंच खरं. चंद्रकळेच्या निऱ्यांची सावली घ्या, सगळा फरक दहा-बारा पायऱ्यांचा, तिथं चूक शेजारच्या शेकडो पिक्सेलांत एकाच बाजूला चिकटते आणि सावलीत सरळ कडा उमटतात. बिटांना उगाच कमी लेखू नका.

टिळकवाडी : चंद्रकळेपुरतं मान्य. पण सेन्सरचा नॉईज, म्हणजे पिक्सेलागणिक होणारा बारीक चढ-उतार, तोच पायऱ्यांच्या कडा पुसतो, फोन तो नॉईज काढून मग 8 बिट करतो म्हणून कडा दिसतात. त्याला फोनचीच रॉ फाईल चालेल, बऱ्याच फोनांत असते. अंदाजानं भांडण्यापेक्षा तपासा की. स्टँडवर फोन लावून 16 फोटो काढा आणि सरासरी घ्या, नॉईज पावपट होईल, पट्टे जसेच्या तसे राहतील. मग फोन वीतभर मागं घ्या. पट्ट्यांची रुंदी बदलली तर सॅम्पलिंग, सावलीच्या उताराला धरून तिथंच बसले तर बिट.

वडगावकर : पट्टी लावली, साडेचारच्या जवळपासच आलं, आणि फोन मागं घेतला की पट्टे बदलले. कॅमेरा राहू दे. पण पाव मीटर कापड घेतलं तर लाल मिलिमीटरला 8, तेव्हा कुठं 3.78 बसणार, आणि साडी साडेपाच मीटर. एका साडीला 22 फोटो जोडत बसायचं म्हटलं तर माग कोण चालवणार ओ?