नोकरी करत डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगचं सर्टिफिकेट करावं का? (सांगली)

यार्डातला_हिशोबनीस
नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशोबाला आहे, बीकॉम झालंय. दुकानातलं पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायची हिशोबाची बिलं) काढायचं सॉफ्टवेअर जुन्या व्हीबी सिक्समधलं (व्हिज्युअल बेसिक ६, प्रोग्रॅमिंगची भाषा) आहे, ज्यांनी केलं ते आता पुण्याला असतात आणि सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) कुणाकडंच नाही. हमाली-तोलाईचा दर बदलला की छापलेल्या पट्टीवर पेनानं खाडाखोड करून द्यावी लागते, शेतकरी समोर उभा असतो, आकडा खोडलेला बघून त्याला शंका येणारच की. एका कॉलेजात नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स आहे, सी शार्प ही भाषा, विंडोज फॉर्म्स (पीसीवरच्या प्रोग्रॅमचे स्क्रीन बनवणं), डेटाबेस आणि शेवटी प्रोजेक्ट. आता सगळं मोबाईलवर आणि वेबवर चाललंय, मग डेस्कटॉप शिकून उपयोग होईल का? एक्सेलची मॅक्रो थोडीफार जमतात.

सातारारोड
भावा स्पष्ट सांगतो, पुण्यात नोकरी बघायची असेल तर वेब शिक, जावास्क्रिप्ट घे. नुसत्या विंडोज फॉर्म्सवर फ्रेशरला बोलावणं येणं अवघड आहे. वय आणि वेळ दोन्ही बघून ठरव.

कुपवाड_एमआयडीसी
सातारारोड म्हणतात ते पुण्याच्या नोकरीसाठी बरोबर आहे पण दादा तुम्हाला नोकरी बदलायचीय असं तुम्ही कुठं लिहिलेलंच नाही, तुम्हाला दुकानातलं काम नीट करायचंय, आणि त्यासाठी हा कोर्स चांगला आहे. मी फाउंड्रीत स्टोअरला असताना असाच कोर्स केला. आमच्या वजनकाट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरला सिरीयल पोर्टनं (आकडे पाठवायची जुनी जोडणी) जोडलाय, काट्यावर गाडी उभी राहिली की वजन थेट स्क्रीनवर. असं काम काउंटरवरच्या पीसीवर डेस्कटॉप प्रोग्रॅमनं सरळ होतं, नेट गेलं तरी अडत नाही. पण त्यातली खाच पुस्तकात सापडत नाही. काट्याकडून आकडा अखंड येईलच असं नाही, अर्धा आत्ता आणि अर्धा पुढच्या खेपेला, म्हणून ओळ पूर्ण होईपर्यंत साठवून मगच वाचायचा, नाहीतर ४५ किलोच्या पोत्याला ४ किलो दिसणार. शिवाय ते वाचन वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधलं बाजूला चालणारं काम) होतं, तिथनं थेट स्क्रीनवरच्या टेक्स्टबॉक्सला हात लावला की एरर, इन्व्होक करूनच म्हणजे मुख्य थ्रेडकडं सोपवूनच टाकायचं.

पैशाचं तर आधीच डोक्यात ठेवा, आकडे साठवायचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यातला डबल रुपयांसाठी कधीच वापरू नका, डेसिमलच. डबलमध्ये ०.१ दहा वेळा मिळवलं तर बरोबर १ येत नाही, आणि पट्टीवर पैशाचा फरक पडला की शेतकऱ्यासमोर तोंड कुणी द्यायचं? आणि हमालीचा दर कोडमध्ये लिहायचाच नाही, टेबलात ठेवायचा, कुठल्या तारखेपासून कुठला दर हे पण त्यातच, म्हणजे जुनी पट्टी परत छापली तरी जुन्याच दरानं निघेल. तुमची खाडाखोड तिथंच मिटते.

खर्च म्हणाल तर सॉफ्टवेअरला नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी शिकायला फुकट आहे, डेटा साठवायच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची एक्सप्रेस आवृत्ती पण फुकट, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, अडत दुकानाला ती बरीच वर्षं पुरते.

इस्लामपूरची_ताई
वरचं सगळं पटलं, एवढंच सांगते की प्रवेश घ्यायच्या आधी सिलॅबस हातात मागून घ्या. एसक्यूएलला (डेटाबेसची भाषा) नीट वेळ दिलाय का बघा, कारण फॉर्मवर बटणं ओढून ठेवणं आठवड्यात जमतं पण टेबलं कशी पाडायची हे चुकलं की पुढं सगळंच चुकत जातं. बॅकअप आणि दुसऱ्या पीसीवर इन्स्टॉल करणं शिकवतात का ते पण विचारा, बऱ्याच ठिकाणी प्रोग्रॅम सरांच्या लॅपटॉपवर चालला की कोर्स संपतो. आणि लायब्ररी मॅनेजमेंटचं तयार प्रोजेक्ट अजिबात घेऊ नका, तुमच्या पट्टीचंच घ्या. व्हीबी सिक्स १९९८ चं आहे, त्याच्या एडिटरचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट २००८ मध्येच संपला, तेव्हा जुनं दुरुस्त करायच्या नादी लागू नका, नवीनच लिहा. फक्त जुन्या डेटाची कॉपी आजच काढून दुसरीकडं ठेवा.

यार्डातला_हिशोबनीस
धन्यवाद ताई, दादा. डेटा अ‍ॅक्सेसच्या फाईलमध्ये आहे, आत्ताच पेनड्राईव्हवर घेतला. सौदे चालू असले की रात्री आठपर्यंत दुकान सुटत नाही, म्हणून शनिवारी कॉलेजात जाऊन शनिवार-रविवारची बॅच आहे का आणि पट्टीचं प्रोजेक्ट चालेल का हे दोन्ही विचारतो. कुपवाडचे दादा, आमचा काटा पण इलेक्ट्रॉनिक आहे, मागं नऊ पिनचा पोर्ट दिसतोय, नवीन पीसीला तसा पोर्ट नाही, कन्व्हर्टर कुठला घेतला होता तुम्ही?